घड्याळ म्हणतं १२२, ट्रेनर म्हणतो १५०

एका वाचक ताईंचं पत्र:

"मी ४६ वर्षांची. सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ९४ किलो. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, शुगर अजून काठावर आहे. मुलानं वाढदिवसाला आम्हा दोघांना नाडी दाखवणारी घड्याळं घेऊन दिली. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी आमराईत चालायला जातो. मी माझ्या वेगानं चालले तरी आकडा १२८ वर जातो. घड्याळ १२२ च्या वर गेलं की केशरी होतं आणि 'चरबी जळण्याचा टप्पा संपला' असं सांगतं. मग मी थांबते. शेजारच्या वहिनींबरोबर चालायला गेले तर १४८ होतो आणि दहा मिनिटांत धाप लागते. बसल्या जागी ८४ असतो. जिमचा ट्रेनर म्हणतो, १५० च्या खाली केलेला व्यायाम म्हणजे फेरफटका, वजन हलणार नाही. ह्यांचं उलटं. वय ५२, वजन १०१. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, मेटोप्रोलॉल चालू आहे. आम्ही बरोबर चालतो, पण ह्यांचा आकडा १०४ च्या वर जात नाही. ट्रेनर ह्यांना म्हणाला, तुम्ही मेहनतच करत नाही. म्हणून गेले चार दिवस ह्यांनी सकाळची गोळी चालून आल्यावर घ्यायला सुरुवात केली. आकडा १२६ वर गेला, तेव्हापासून खूश आहेत. मला मात्र भीती वाटते. नेमका कोणता आकडा धरायचा?"

ताई,

आधी गोळीचं बोलते. तुमची भीती बरोबर आहे. उद्या सकाळी यजमानांनी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्यायची, आणि ज्यांनी ती लिहून दिली त्यांना या चार दिवसांबद्दल फोन करून सांगायचं. रागावतील म्हणून लपवू नका.

मेटोप्रोलॉल हृदयाला लगाम घालतं. चालताना, चढताना, चिडल्यावर शरीरात जी उत्तेजना येते ती हृदयाला पळवते. ही गोळी तो धक्का मऊ करते. नाडी सावकाश राहिली की हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी लागतो, आणि ज्यांच्या रक्तवाहिनीत एकदा अडथळा येऊन गेला आहे त्यांना नेमकं हेच हवं असतं. म्हणजे १०४ हा आकडा गोळी काम करते आहे याचा पुरावा आहे. गोळी पुढे ढकलून चालणं म्हणजे औषधाचा असर सगळ्यात कमी उरलेला असताना, पहाटे रक्तदाब मुळातच वर चढत असताना, हृदयावर ताण टाकणं. आणि हे औषध अचानक बंद केलं तर नाडी आणि दाब उसळी मारतात, छातीत दुखायला लागू शकतं. हा धोका नीट माहीत असलेला आहे. उतारावर ब्रेक सोडला आणि गाडी जोरात धावली, म्हणून कुणी इंजिन सुधारलं म्हणत नाही. १२६ चा आनंद तसाच आहे.

त्या ट्रेनरनं 'कोणती औषधं चालू आहेत' एवढं विचारलं असतं तर हे चार दिवस टळले असते. मी हृदयरोग्यांना व्यायाम शिकवण्याच्या कामात वीस वर्षं आहे, आणि हा प्रश्न न विचारता नाडीचा आकडा देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

यजमानांसाठी वयावरून काढलेलं कोणतंही सूत्र बाजूला ठेवा. गोळी हृदयाचा वरचा आकडाच खाली आणते, मग त्यावरून काढलेली टक्केवारी चुकणारच. त्यांच्यासाठी आकडा काढायची खरी रीत म्हणजे टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी. ती रोजची गोळी घेऊनच करायची, कारण रोज चालणारा माणूस गोळी घेतलेलाच असणार आहे. तुमच्यापासून मिरज हाकेच्या अंतरावर आहे, तिथं ही तपासणी सहज होते. त्यात त्यांचं हृदय कुठवर बिनतक्रार जातं ते कळेल, आणि त्याच्या आतला पल्ला डॉक्टर बांधून देतील. तोवर त्यांनी श्वासावर चालावं. श्वासाचं कसं ते पुढे सांगते, कारण ते तुमच्याही कामाचं आहे.

आता तुमचा १२२.

तो कुठून आला ते मी सांगू शकते. २२० मधून वय वजा करा: १७४. त्याचे सत्तर टक्के: १२२. हे २२० चं सूत्र जिमच्या भिंतीवर, ट्रेडमिलच्या फळीवर, घड्याळाच्या पोटात, सगळीकडे आहे, म्हणून ते फार पक्कं असावं असं वाटतं. त्याचा जन्म मात्र साधा आहे. १९७० च्या आसपास अमेरिकेत डॉ. सॅम्युएल फॉक्स आणि डॉ. विल्यम हॅस्केल यांनी आधीच्या काही अभ्यासांतले आकडे कागदावर मांडले आणि त्यांतून एक सरळ रेघ जाते असं त्यांच्या लक्षात आलं. ती माणसं समाजाचा नमुना म्हणून निवडलेली नव्हती. त्यांत धूम्रपान करणारे होते, हृदयाचे रुग्णही होते. एक ढोबळ अंदाज म्हणून केलेली ती गोष्ट पुढे नियम होऊन बसली. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत या अंदाजापासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे, काहींचा फरक वीसपर्यंतही जातो.

जाड माणसांचं काय, हा प्रश्न १९९३ मध्ये मिलर, वॉलेस आणि एगर्ट या अमेरिकी संशोधकांनी विचारला. ८६ स्थूल आणि ५१ सर्वसाधारण वजनाच्या प्रौढांना त्यांनी दमेपर्यंत व्यायाम करायला लावून नाडी मोजली. स्थूल माणसांना २२० च्या सूत्रापेक्षा '२०० वजा निम्मं वय' हे जास्त जवळ बसतं असं निघालं. तुमच्यासाठी २०० वजा २३, म्हणजे १७७. फरक तीनच ठोक्यांचा. गंमत अशी की चाळिशीला दोन्ही सूत्रं १८० वर भेटतात, म्हणून तुमच्या वयाला फार बिघडत नाही. पण तुमच्या पंचविशीतल्या जाड भाच्याला २२० चं सूत्र १९५ सांगेल आणि दुसरं साधारण १८८. साठीच्या सासूबाईंना एक १६० सांगेल, दुसरं १७०. तरुण जाड मुलाला उगाच पळवायचं आणि वयस्क बाईला उगाच घाबरवायचं, असं दोन्हीकडून होतं.

तुमच्या बाबतीत घोटाळा वेगळ्या ठिकाणी आहे. तुमची बसल्या जागची नाडी ८४ आहे. घड्याळानं टक्केवारी शून्यापासून मोजली. पण तुमचं हृदय शून्यापासून सुरू होत नाही, ८४ पासून होतं. घड्याळाला हवा तो टप्पा १७४ च्या साठ ते सत्तर टक्क्यांचा, १०४ ते १२२ चा, म्हणजे चहाचा कप घेऊन बसलेल्या अवस्थेपासून जेमतेम वीस ठोके वर गेलात की तो सुरू. जिना चढून पतसंस्थेत पोचलात तरी तो ओलांडत असाल.

फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये यावर उपाय सांगितला आणि आजही तो वापरतात. वरचा आकडा आणि विश्रांतीचा आकडा यांच्यामधली जागा आधी काढायची: १७७ वजा ८४, म्हणजे ९३. ही तुमच्या हृदयाची हाताशी असलेली शिल्लक. मध्यम व्यायाम म्हणजे या शिलकीतले साधारण ४० ते ६० टक्के वापरायचे आणि त्यांत ८४ परत मिळवायचे. ९३ चे ४० टक्के ३७, अधिक ८४ म्हणजे १२१. ६० टक्के ५६, अधिक ८४ म्हणजे १४०. तुमचा मध्यम पल्ला १२१ ते १४०.

आता तुमचा १२८ या हिशोबात बसवून बघा. शिलकीच्या निम्म्याला जरा कमी. तुम्ही ज्या वेगाला रोज 'चुकलं' म्हणून थांबत होता तोच तुमच्यासाठी योग्य वेग होता. केशरी रंगाला घाबरून तुम्ही आजवर जितक्या वेळा थांबलात, तितक्या वेळा विनाकारण थांबलात. याचं मला वाईट वाटलं.

८४ हा आकडा एकदा तपासून घ्या मात्र. सकाळी जाग आली की उठायच्या आधी, पडल्या पडल्या, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. तीन दिवस मोजून सरासरी धरा. दुपारी टेबलावर बसून दिसणारा ८४ आणि पहाटेचा ८४ यांत फरक पडतो. पहाटे ७६ निघाला तर पल्ला ११६ ते १३७ होईल. आणि पहाटेही ८४ च्या वरच राहत असेल, तर एक गोष्ट मी तुमच्या डॉक्टरांकडे सोपवते: हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी. पाळी जायच्या वयात अंगावरून जास्त जातं, बायका ते 'होतंच असं' म्हणून सोडून देतात, रक्त कमी होतं आणि कमी रक्ताची भरपाई हृदय जास्त ठोके मारून करतं. अशा वेळी धाप वजनाची समजली जाते आणि असते रक्ताची. झोपेत मोठ्यानं घोरत असाल, सकाळी डोकं जड असेल, तर तेही सांगा.

शेजारच्या वहिनींबद्दल. त्या साधारण साठ-बासष्ट किलोच्या असाव्यात असं धरते. म्हणजे तुमच्यात आणि त्यांच्यात बत्तीस-चौतीस किलोंचा फरक. घरात भरलेला गॅस सिलिंडर येतो, तो भांड्यासकट जवळपास तीस किलो भरतो. तो उचलून आमराईला एक फेरी मारा असं वहिनींना सांगितलं तर त्यांची नाडी कुठं जाईल? चालताना शरीराला लागणारा प्राणवायू वजनाच्या हिशोबानं वाढतो. तुम्ही दोघी शेजारी शेजारी एकाच वेगानं चालता तेव्हा तुम्ही त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त काम करत असता. १४८ म्हणजे तुमच्या शिलकीतले जवळजवळ ७० टक्के. तो जोरदार व्यायाम आहे. वहिनींसाठी फिरणं, तुमच्यासाठी पळणं. तुम्ही दहा मिनिटांत दमता यात आळसाचा काही संबंध नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका.

म्हणूनच ट्रेनरचा १५० मला मान्य नाही. तो आकडा तुम्हाला मारेल असं मी म्हणत नाही, छातीत काही त्रास नसलेल्या बाईला जिना चढतानाही क्षणभर तेवढा होतो. पण पहिल्याच महिन्यात रोज तिथं चालवलं तर गुडघे कुरकुरतात, अंग मोडून येतं, आणि तिसऱ्या आठवड्यात चालणं बंद पडतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही समोरच्या भिंतीवर तोच तक्ता होता. शंभर किलोच्या एका बाईंना मी तक्त्यातल्या आकड्यापर्यंत नेण्यासाठी वेग वाढवत राहिले. त्या निमूटपणे चालल्या, घाम पुसत 'येते हं' म्हणाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. तक्ता मी नंतर काढून टाकला. तोवर उशीर झाला होता, त्यांच्यासाठी तरी.

'चरबी जळण्याचा टप्पा' हेही जरा सोडवून घेऊ. सावकाश व्यायामात खर्च होणाऱ्या उष्मांकांत चरबीचा वाटा मोठा असतो हे खरं. पण वाटा आणि रक्कम यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा, तुम्ही पतसंस्थेत आहात. दहा हजारांचे साठ टक्के सहा हजार होतात आणि पंधरा हजारांचे पन्नास टक्के साडेसात हजार. वेग थोडा वाढला की टक्का घसरतो, रक्कम वाढते. १२२ ला चरबी जळायची थांबते असं शरीरात काही घडत नाही. शिवाय वजनाचा हिशोब शेवटी दिवसभराच्या खाण्यावर आणि हालचालीवर ठरतो. स्पष्टच सांगते, नुसत्या चालण्यानं काटा फार हळू सरकतो, कधी महिनाभर हलतही नाही. त्याच महिन्यात शुगर, दाब आणि दम मात्र सुधारायला लागलेले असतात. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका एवढं माझ्यासाठी करा.

आता श्वासाचं. चालताना सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा. 'सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस' हे एका दमात म्हणता आलं, पुढच्या ओळीआधी श्वास घ्यावा लागला, तर वेग बरोबर. सगळा पाढा गाण्याच्या चालीवर म्हणता येत असेल तर थोडं चाला जोरात. 'सतरा त्रिक' म्हणून 'एक्कावन्न' च्या आधीच श्वास तुटत असेल तर वेग कमी करा, घड्याळ काहीही म्हणो. पाढा येत नसेल तर वहिनींशी भाजीच्या भावावर बोला. ही परीक्षा गोळी घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्याला सारखीच लागू पडते, कारण मेटोप्रोलॉल ठोके कमी करतं, धाप लपवत नाही. यजमान १०४ वर असताना त्यांचा पाढा कुठं अडतो ते उद्या ऐका. मला वाटतं, ते चांगली मेहनत करत आहेत असं तुम्हाला कळेल.

याच विचारावर स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची पट्टी केली, सहापासून वीसपर्यंत. सहा म्हणजे आडवं पडलेलं, वीस म्हणजे जीव जाईस्तोवर. सहापासून का, तर तरुण निरोगी माणसात त्या आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडी येते. तुम्ही १२-१३ वर राहा, म्हणजे 'थोडं जड जातंय, पण निभेल' असं वाटण्यावर. यजमानांची तपासणी होईपर्यंत त्यांनी ११ ची रेघ ओलांडू नये.

घड्याळावरही डोळे मिटून विश्वास नको. ते मनगटात प्रकाश सोडून रक्ताची हालचाल वाचतं, आणि हात हलला, पट्टा सैल असला की गोंधळतं. चालताना कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. तुम्ही ते बांगड्यांच्या हातात बांधता का? बांधत असाल तर दुसऱ्या हातात, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्टसर बांधा. एखादा आकडा विचित्र वाटला तर थांबून लगेच बोटांनी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. लगेचच, कारण थांबल्यावर नाडी भराभर उतरते.

उन्हाळ्यात हाच वेग आठ-दहा ठोके जास्त दाखवेल, कारण अंग थंड करण्यासाठी रक्त कातडीकडे धावतं. रात्री झोप झाली नाही, पाणी कमी पडलं, नुकताच ताप येऊन गेला, तरी तसंच. त्या दिवशी आकडा धरा आणि वेग सोडा. गुडघ्यांनी अगदीच नाही म्हटलं तर जागच्या जागी चालवायची सायकल किंवा पाण्यात चालणं चालेल, पण तिथं नाडी जमिनीपेक्षा कमी दिसते, तेव्हा तिथंही पाढाच खरा.

सुरुवात दहा दहा मिनिटांच्या दोन-तीन खेपांनी करा. पहिले तीन-चार आठवडे ११५ ते १३० मध्ये राहा, मग १४० पर्यंत जायला हरकत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. तिथं दोन-तीन महिन्यांनी पोचलात तरी उत्तम. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस करा, मांड्या बळकट झाल्या की गुडघ्यांवरचा भार हलका होतो. छातीत दाबल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, बसूनही न थांबणारी धाप यांतलं काहीही झालं तर चालणं तिथंच थांबवून थेट दवाखाना. हे दोघांनाही लागू.

आणि घड्याळाचा एक खरा उपयोग राहिलाच. आमराईतली तुमची नेहमीची फेरी १२८ वर ठेवून किती मिनिटांत होते ते आज लिहून ठेवा, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशोबाशेजारी. दर रविवारी त्याच नाडीला तीच फेरी पुन्हा मोजा. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलं की त्याच १२८ वर फेरी लवकर संपायला लागते, पहाटेचा ८४ हळूहळू उतरतो. वजनकाट्याच्या आधी हे दिसतं. पल्ल्याचं गणितही मग दर दोन महिन्यांनी नव्या पहाटेच्या आकड्यावर पुन्हा करा.

चाला दोघं बरोबरच. वेग तुमचा ठेवा, यजमानांनी तुमच्याशी जुळवून घ्यावं. आणि घराबाहेर पडताना चपला घालायच्या आधी 'गोळी घेतली का?' एवढं विचारत जा.